कुलूपवाल्याच्या पोरानं विजेचं गणित सोडवलं, पण शाबासकी मिळायला १४ वर्षं लागली

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ओहमचा नियम आठवतोय? व्ही इज इक्वल टू आय आर. परीक्षेत हमखास मार्क मिळवून देणारं गणित. व्होल्टेज दिलंय, करंट दिलाय, रेझिस्टन्स काढा. एक भागाकार केला की विषय संपला.

पण विजेच्या बाबतीत असा साधा भागाकार करता येतो, हे ज्यानं पहिल्यांदा छापून सांगितलं त्याचं काय झालं, हे पुस्तकात नसतं. तिथं फक्त नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि एक चौकट असते.

या माणसानं शाळामास्तरची नोकरी करता करता स्वतःच्या हातानं उपकरणं बनवली. आठ तांब्याच्या तारा घेऊन विजेचं सगळ्यात मोठं कोडं सोडवलं. त्यावर पुस्तक काढलं आणि आता आपल्याला विद्यापीठात जागा मिळणार म्हणून वाट बघत बसला. जागा मिळाली नाहीच, वर हातातली नोकरीही सुटली. पुढं शाबासकी मिळाली ती परक्या देशातून, आणि विद्यापीठातली खुर्ची मिळाली तेव्हा वय होतं ६३. त्यानंतर तो जेमतेम दोन वर्षं जगला.

त्याचं नाव जॉर्ज सायमन ओहम.

बाप कुलपं बनवायचा आणि घरी गणित शिकवायचा

१६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एरलांगेन या गावात ओहमचा जन्म झाला. वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलपं-किल्ल्या बनवणारे कारागीर. आई मारिया एलिझाबेथ ही गावातल्याच एका शिंप्याची मुलगी. सात मुलं झाली, पण जगली तीनच. जॉर्ज, धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ बार्बरा. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली.

आता कुलूपवाल्याच्या घरात विज्ञान कुठून आलं? तर ते बापाकडून. योहान ओहम शाळेत फार शिकलेले नव्हते, पण वाचनाचं वेड जबरदस्त. दिवसभर कानस आणि हातोडी चालवायची आणि वेळ मिळेल तसं गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान वाचायचं. स्वतः शिकले आणि मग दोन्ही पोरांनाही शिकवलं. गावातल्या शाळेत विज्ञानाच्या नावानं फारसं काही मिळत नव्हतं, ती कसर घरी भरून निघाली.

एरलांगेनच्या विद्यापीठात लांग्सडोर्फ नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी या दोन्ही भावांची परीक्षा घेतली आणि ते चाट पडले. त्या काळी स्वित्झर्लंडचं बर्नुली घराणं गणितासाठी युरोपभर गाजलेलं होतं. लांग्सडोर्फनी या कुलूपवाल्याच्या पोरांची तुलना थेट त्या घराण्याशी केली.

बापाच्या कारखान्यात पोरानं आणखी एक गोष्ट उचलली. धातू कसा कापायचा, तार कशी ओढायची, बारीक भाग एकमेकांत कसे बसवायचे. ही हातातली कला पुढं त्याला गणिताइतकीच उपयोगी पडली.

कॉलेजात बिलियर्ड आणि बर्फावरची घसरगुंडी

१८०५ साली ओहम एरलांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. आणि पोरगं हॉस्टेलला गेल्यावर जे होतं तेच झालं. नाच, बर्फावर स्केटिंग आणि बिलियर्ड यातच दिवस जायला लागले. बापाला कळलं तेव्हा बाप संतापला. आपल्याला जी संधी मिळाली नाही ती पोराला मिळाली आणि पोरगं ती वाया घालवतंय, हे त्याला सहन झालं नाही. तीन सत्रांनंतर शिक्षण बंद झालं आणि ओहमची रवानगी स्वित्झर्लंडला झाली. वय वर्षं १७, काम गॉटश्टाट गावच्या शाळेत गणित शिकवण्याचं.

तिथं गडी सुधारला. पुढं त्यानं लांग्सडोर्फना विचारलं की तुम्ही आता हायडेलबर्गला चालला आहात, तर मीही तिकडं शिकायला येऊ का? लांग्सडोर्फनी वेगळाच सल्ला दिला. कुणाच्या मागं येऊ नकोस, ऑयलर, लाप्लास आणि लाक्रुआ यांची पुस्तकं घे आणि स्वतःच वाच. ओहमनं तेच केलं. नशाटेलमध्ये खासगी शिकवण्या करत त्यानं ही पुस्तकं पचवली आणि १८११ मध्ये एरलांगेनला परत येऊन डॉक्टरेट मिळवली.

डॉक्टर झाला, पण नोकरीचं काय? विद्यापीठात शिकवायला मिळालं, पण पक्का पगार नाही. आपल्याकडं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं जे होतं, साधारण तसलाच प्रकार. तीन सत्रं काढली आणि हे असं पोट भरणार नाही हे लक्षात आलं. १८१३ मध्ये बांबेर्ग गावच्या एका साध्या शाळेत तो गणित शिकवायला लागला. १८१६ ला ती शाळाच बंद पडली, मग गावातल्याच दुसऱ्या, आधीच मुलांनी खच्चून भरलेल्या शाळेत त्याला पाठवलं.

तिथं असतानाच त्यानं भूमितीवर एक पुस्तक लिहिलं आणि त्याची प्रत प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा याच्याकडं पाठवून दिली. राजाला काम आवडलं. १८१७ मध्ये कोलोनच्या एका चांगल्या शाळेत ओहमची नेमणूक झाली. तिथं त्यानं शिकवलेला एक विद्यार्थी पुढं जगप्रसिद्ध गणितज्ञ झाला. त्याचं नाव डिरिक्ले.

पण ओहमसाठी सगळ्यात मोठी गोष्ट दुसरीच होती. या शाळेत भौतिकशास्त्राची बऱ्यापैकी सुसज्ज प्रयोगशाळा होती.

तेव्हा विजेचं नेमकं काय चाललं होतं?

१८०० साली इटलीच्या व्होल्टानं पहिली बॅटरी बनवली होती. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडच्या लक्षात आलं की तारेतून करंट सोडला की शेजारची चुंबकसूची हलते. सगळ्या युरोपात खळबळ उडाली. जो तो तारा आणि बॅटऱ्या घेऊन बसला.

पण एक गोम होती. बॅटरी मोठी केली तर सूची किती जास्त हलणार? तार दुप्पट लांब केली तर करंट किती कमी होणार? अर्धा होणार, पाव होणार की आणखी काही? कुणालाच पक्कं सांगता येत नव्हतं. व्होल्ट, अँपिअर, ओहम ही एककं तेव्हा नव्हती. मीटर नव्हते. बॅटरीचा जोर, तारेतला करंट आणि तारेचा अडथळा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हेच डोक्यात स्पष्ट नव्हतं.

ओहमला विद्यापीठात जायचं होतं. त्यासाठी काहीतरी मोठं काम करून दाखवणं भाग होतं. त्यानं हेच कोडं निवडलं.

पहिला प्रयत्न फसला

१८२५ मध्ये ओहमनं पहिला निबंध छापला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा बॅटरीला जोडायच्या आणि सूचीवरचा जोर किती कमी होतो ते मोजायचं, अशी पद्धत. आकडे आले, त्यातून त्यानं एक सूत्रही बसवलं. पण ते सूत्र बरोबर नव्हतं.

चूक गणितात नव्हती, बॅटरीत होती. त्या काळातल्या बॅटऱ्या भरवशाच्या नव्हत्या. तार जोडली की सुरुवातीला जोर एकदम जास्त, मग तो उतरत जाणार, थोडा वेळ सोडलं की पुन्हा चढणार. म्हणजे करंट कमी झाला तर तो लांब तारेमुळं झाला की बॅटरी दमल्यामुळं, हे ओळखायचं कसं? तराजूचं वजनच सारखं बदलत असेल तर माल काय मोजणार?

इथं पोगेनडोर्फ नावाचे संपादक मदतीला आले. ओहमचे निबंध ज्या मासिकात छापून यायचे, त्याचेच ते संपादक. त्यांनी सुचवलं की बॅटरी सोडून दे, थर्मोकपल वापर. थर्मोकपल म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंची जोडी. एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला की तिच्यातून करंट वाहायला लागतो. थॉमस झेबेक या शास्त्रज्ञानं हे काही वर्षांपूर्वीच शोधलं होतं.

यातून येणारा करंट फार कमी असतो. पण दोन्ही सांध्यांचं तापमान हललं नाही तर करंटही हलत नाही. ओहमला नेमकं हेच पाहिजे होतं.

आठ तारा, उकळतं पाणी आणि बर्फ

ओहमनं बिस्मथ आणि तांबं यांची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय तोवर त्याचं तापमान बदलत नाही आणि बर्फ वितळतोय तोवर त्याचंही बदलत नाही. कुठलाही महागडा सरंजाम नाही, पण विजेचा जोर एकदम कायम.

करंट मोजायला त्यानं एक चुंबकसूची बारीक तारेला टांगली. करंट वाहिला की सूची वळणार. मग वरची मूठ फिरवून टांगलेल्या तारेला पीळ द्यायचा आणि सूची पुन्हा जागेवर आणायची. किती पीळ द्यावा लागला तो आकडा म्हणजे करंट. ही सगळी जुळणी बारीक हातकामाची, आणि कुलूपवाल्याच्या पोराला हातकाम चांगलंच येत होतं.

मग सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा. सगळ्यात छोटी २ इंचांची आणि सगळ्यात लांब १३० इंचांची. १८२६ च्या जानेवारीत कोलोनमध्ये त्यानं एकेक तार जोडून आकडे लिहून काढले. पुन्हा जोडल्या, पुन्हा लिहिले.

यावेळी सगळे आकडे एका साध्या सूत्रात बसले. एका ठरावीक संख्येला तारेची लांबी अधिक आणखी एक ठरावीक संख्या यांनी भागलं की करंट मिळतो. वरची संख्या म्हणजे विजेचा जोर, ज्याला आपण आज व्होल्टेज म्हणतो. खालची बेरीज म्हणजे बाहेर जोडलेल्या तारेचा अडथळा आणि उपकरणाच्या आतला अडथळा. त्यानं तापमानातला फरक कमी करून बघितला, तर फक्त वरची संख्या बदलली, खालची तशीच राहिली. म्हणजे जोर वेगळा आणि अडथळा वेगळा, हे आकड्यांनीच दाखवून दिलं.

सोप्या भाषेत सांगायचं तर व्होल्टेज म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची, करंट म्हणजे नळातून येणारं पाणी आणि रेझिस्टन्स म्हणजे मधला पाइप. टाकी दुप्पट उंचीवर गेली तर धार वाढणार. पाइप बारीक आणि लांब असेल तर धार कमी होणार. पाण्याचा दाखला फार ताणता येत नाही, पण विजेच्या बाबतीत धातूच्या तारेचं तापमान तेच राहिलं तर हिशोब अगदी सरळ आहे. व्होल्टेज दुप्पट, तर करंट दुप्पट. अडथळा दुप्पट, तर करंट अर्धा.

पुस्तक आलं आणि नोकरी गेली

आता ओहमनं मोठी उडी मारायचं ठरवलं. १८२६ मध्ये त्यानं शाळेतून वर्षभराची सुट्टी घेतली, तीही अर्ध्या पगारावर, आणि तो बर्लिनला धाकट्या भावाकडं गेला. मार्टिन तोवर बर्लिनमध्ये गणित शिकवत होता. १८२७ मध्ये ओहमचं पुस्तक बाहेर पडलं. विषय होता विजेच्या सर्किटचं गणित.

नुसते प्रयोग सांगून तो थांबला नव्हता. पाचच वर्षांपूर्वी फ्रान्सच्या फुरिएनं उष्णता धातूतून कशी वाहते याचं गणित मांडलं होतं. लोखंडी सळईचं एक टोक तापवलं की उष्णता गार टोकाकडं वाहते आणि तापमानातला फरक जितका जास्त तितकी ती जास्त वाहते. ओहमनं वीजही अशीच वाहते असं धरून सगळी मांडणी केली.

आणि इथंच अनेकांचं बिनसलं. त्या काळातल्या जर्मनीत भौतिकशास्त्र म्हणजे प्रयोग करा, काय दिसलं ते वर्णन करा, असा बऱ्याच जणांचा समज होता. निसर्ग समजून घ्यायला गणिताची समीकरणं लागतात, हे त्यांना पटत नव्हतं. बर्लिनमध्ये तर तत्त्वज्ञ हेगेलच्या विचारांचा दबदबा होता. त्याच वर्तुळातल्या नियतकालिकात गेऑर्ग पोल नावाच्या प्राध्यापकानं पुस्तकावर सडकून टीका केली. त्याच्या मते हे सगळं निव्वळ कल्पनेचं जाळं होतं.

दुसरी अडचण ओहमच्या बाजूनं होती. पुस्तकात त्यानं गणितावर इतका भर दिला की ज्या आठ तारांच्या प्रयोगानं हे सगळं सिद्ध झालं होतं, तो मागं पडला. वाचणाऱ्याला वाटलं की हा माणूस नुसती समीकरणं रचतोय.

ओहमला त्याच्या शोधामुळं नोकरीवरून हाकलून दिलं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तसं झालं नव्हतं. ओहमला पुस्तकाच्या जोरावर विद्यापीठात जागा पाहिजे होती, ती मिळाली नाही. आता पुन्हा कोलोनला जाऊन पोरांना पाढे शिकवायला त्याचं मन तयार होईना. १८२८ मध्ये त्यानं स्वतःच राजीनामा दिला. वय होतं ३९. लग्न केलं नव्हतं, ते पुढंही केलं नाही.

त्यानंतरची पाच वर्षं बर्लिनमध्ये गेली. लष्करी शाळेत आठवड्याला मोजके तास गणित शिकवायचं आणि कायमच्या जागेची वाट बघायची. ज्या माणसानं विजेचा मूळ नियम शोधला होता, त्याच्याकडं प्रयोग करायला धड प्रयोगशाळाही उरली नव्हती.

मग लोकांना जाग कशी आली?

सगळेच झोपलेले नव्हते. लाइपझिगचे फेकनर यांनी १८३१ मध्ये स्वतः शेकडो मोजमापं करून ओहम बरोबर असल्याचं दाखवलं. रशियात लेन्झनं हा नियम कामाला लावला. फ्रान्समध्ये पुये यांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले आणि तेही त्याच ठिकाणी पोहोचले.

१८३३ मध्ये ओहमला न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकाची नोकरी मिळाली आणि १८३९ मध्ये तो तिथला प्रमुख झाला. पद बरं होतं, पण विद्यापीठाची खुर्ची अजूनही लांबच होती.

खरी कलाटणी दिली ती टेलिग्राफनं. १८३७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तारायंत्राच्या तारा पडायला लागल्या. टेबलावरच्या प्रयोगात तार दोन-चार फुटांची असते, तिथं अंदाजपंचे चालून जातं. पण मैलोगणती तार टाकायची असेल तर ती किती जाड घ्यायची, किती सेल लावायचे, पलीकडच्या गावात काटा हलेल की नाही, हे सगळं आधी कळायला लागतं. नाहीतर पैसा मातीत. अंदाजाच्या जागी गणित लागलं आणि गणित एकाच माणसाकडं तयार होतं.

१८४१ मध्ये ओहमच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली मेडल दिलं. हा तेव्हाचा विज्ञानातला सर्वोच्च मानांपैकी एक. पुस्तक येऊन १४ वर्षं झाली होती. तारायंत्रावर काम करणाऱ्या चार्ल्स व्हीटस्टननं १८४३ मध्ये रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात हा नियम घेऊन रेझिस्टन्स मोजायच्या पद्धती मांडल्या आणि तिथून तो इंजिनिअर लोकांच्या रोजच्या वापरात आला.

इंग्लंडचंही एक गुपित होतं. हेन्री कॅव्हेंडिश या अफाट पण एकलकोंड्या शास्त्रज्ञाला ओहमच्या कितीतरी आधी याचा सुगावा लागला होता. तो स्वतःच्या अंगातून विजेचा झटका घ्यायचा आणि झटका किती जोरात बसला त्यावरून करंटचा अंदाज बांधायचा. पण त्यानं ते छापलंच नाही. त्याच्या वह्या मॅक्सवेलनं १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या, तोवर नियमाला ओहमचं नाव लागून कैक वर्षं झाली होती.

पॉवरचं गणित कुणाचं?

आता व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स झाले. पण लाइट बिल येतं ते वॅटच्या हिशोबानं. ते कुठून आलं?

ओहमला मेडल मिळालं त्याच १८४१ साली इंग्लंडमधल्या जेम्स ज्यूल नावाच्या २२ वर्षांच्या पोराचा निबंध छापून आला. घरचा धंदा बिअर बनवण्याचा. त्यानं तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, करंट सोडला आणि पाणी किती तापलं ते मोजलं. निष्कर्ष असा की उष्णता करंटच्या वर्गावर आणि रेझिस्टन्सवर अवलंबून असते. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट. याला ओहमचा नियम जोडला की सोपं सूत्र मिळतं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट.

एवढ्यावर घरातली बरीच गणितं सुटतात. ही बघा.

तुमच्या बाथरूममधला गिझर २००० वॅटचा आहे आणि घरात २३० व्होल्ट येतात. २००० भागिले २३० म्हणजे साधारण ८.७ अँपिअर करंट. आता २३० ला ८.७ नं भागा, रेझिस्टन्स आला साधारण २६.५ ओहम. तासभर चालू ठेवला तर २ युनिट पडले.

समजा व्होल्टेज डाऊन झालं आणि १८० वर आलं. गिझरची कॉइल तीच, म्हणजे रेझिस्टन्स तोच. १८० भागिले २६.५ म्हणजे ६.८ अँपिअर. गुणिले १८०, म्हणजे साधारण १२२५ वॅट. व्होल्टेज २२ टक्के कमी झालं, पण पॉवर जवळपास ४० टक्के पडली. व्होल्टेज डाऊन असताना पाणी तापायला इतका वेळ का लागतो, ते यातून कळतं.

आता उलटी बाजू. अमेरिकेतल्या नातेवाइकानं तिकडची इस्त्री पाठवली. तिच्यावर लिहिलंय १२० व्होल्ट, १२०० वॅट. म्हणजे करंट १० अँपिअर आणि रेझिस्टन्स १२ ओहम. ती तुम्ही आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावली. २३० भागिले १२ म्हणजे १९ अँपिअरच्या वर. पॉवर ४४०० वॅट. इस्त्री बनवलीय १२०० साठी. काही क्षणांत ती जळणार, आणि कपडे किंवा बोर्ड पेटला तर मोठं संकट. म्हणून परदेशातली वस्तू लावायच्या आधी तिच्यावर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलंय का ते बघा. फक्त ११० किंवा १२० लिहिलं असेल तर थेट लावू नका.

प्लगची पिन ढिली असेल तर तो काळा का पडतो, तेही याच गणितात आहे. ढिल्या सांध्याचा अडथळा समजा फक्त अर्धा ओहम आहे. गिझरचे ८.७ अँपिअर त्यातून जातात. ८.७ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे साधारण ३८ वॅट. एवढी उष्णता सोल्डरिंग करायच्या छोट्या इस्त्रीत असते. ती तुमच्या प्लगमधल्या एका टोकावर तासभर साठत राहिली तर प्लास्टिक वितळणारच. प्लग गरम लागत असेल तर वायरमनला बोलवा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गिझर, इस्त्री, शेगडी यांना हे गणित नीट लागू होतं. पंखा, फ्रिज, एलईडी, चार्जर यांना ते जसंच्या तसं लावता येत नाही. जुन्या पिवळ्या बल्बची तार तर गार असताना वेगळा रेझिस्टन्स दाखवते आणि तापल्यावर दहापट किंवा त्याहून जास्त. ओहमनं तापमान सांभाळायला एवढी धडपड का केली, ते इथं लक्षात येतं.

शेवटची दोन वर्षं

मेडलनंतर ओहम थांबला नाही. १८४३ मध्ये त्यानं आवाजावर काम केलं. कान एखादा गुंतागुंतीचा आवाज ऐकताना त्याचे साधे सूर वेगळे करून ऐकतो, असं त्यानं मांडलं. यावरही वाद झाला, आणि वाद घालणारा होता ऑगस्ट झेबेक. ज्या झेबेकच्या थर्मोकपलनं ओहमला तारलं होतं, त्याचाच हा मुलगा. पुढं हेल्महोल्ट्झसारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं ओहमची बाजू उचलून धरली, पण ते बघायला ओहम नव्हता.

१८४९ मध्ये तो म्युनिकला आला. तिथल्या विज्ञान अकादमीची उपकरणं सांभाळायची आणि विद्यापीठात व्याख्यानं द्यायची असं काम होतं. १८५२ मध्ये अखेर म्युनिक विद्यापीठानं त्याला भौतिकशास्त्राचा पूर्णवेळ प्राध्यापक केलं. कोलोनच्या प्रयोगशाळेत आठ तारा जोडताना जी जागा त्याच्या डोळ्यासमोर होती, ती २६ वर्षांनी मिळाली. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्येच त्याचं निधन झालं. तिथल्या जुन्या दक्षिण दफनभूमीत त्याला पुरलं.

त्यानंतर २७ वर्षांनी, १८८१ मध्ये, पॅरिसला जगभरातले वीजतज्ज्ञ जमले. विजेची एककं सगळ्या देशांत सारखी असावीत म्हणून ही परिषद होती. व्होल्टेजला व्होल्टाचं नाव मिळालं, करंटला फ्रान्सच्या अँपिअरचं आणि अडथळ्याला ओहमचं. खूण म्हणून ग्रीक भाषेतलं ओमेगा हे अक्षर रूढ झालं. अडथळ्याच्या बरोबर उलट जे माप आहे, त्याला तर बरीच वर्षं ओहमचं नाव उलटं लिहून म्हो म्हणायचे. न्यूरेंबर्गच्या ज्या पॉलिटेक्निकमध्ये त्यानं शिकवलं, तिच्या परंपरेतली संस्था आज त्याच्याच नावानं चालते.

तुमच्याकडं येणाऱ्या वायरमनच्या हातात मल्टिमीटर असतो. त्याची चकती घोड्याच्या नालासारख्या दिसणाऱ्या खुणेवर फिरवली की तो रेझिस्टन्स दाखवतो. ती खूण म्हणजे ओमेगा. उकळतं पाणी, बर्फ आणि तारेला टांगलेली सूची घेऊन ओहम जे मोजत होता, तेच आता खिशात मावणारं यंत्र एका सेकंदात मोजतं.